पाण्यात टाकलेलं आडनाव

गॉडरिच, ऑन्टॅरिओ
२ एप्रिल १९६४

चि. रोना हिस,
अ. उ. आ.

तुझं एडिंबरोचं पहिलं पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका अकरा. इस्पितळात औषधांची नावं तरी नीट लिहितेस ना? पेशंटांची मला काळजी वाटते.

इकडे बर्फ वितळायला लागलंय, अंगणात नुसता चिखल. तुझा भाऊ लॅकी त्याच्या मासेमारीच्या बोटीला रंग देतोय आणि तुझे बाबा लांब उभे राहून त्याला चुका दाखवताहेत. बोटीला हात लावायचा नाही, पण अक्कल शिकवायची! हेक्टर लहानपणापासून असाच.

आता कामाचं बोलते. डॉक्टर म्हणाले, मिस स्लेटर, तुमचं हृदय आता पेन्शनीत निघायचं म्हणतंय. मी म्हटलं, चाळीस वर्षं शाळा केली त्यानं, त्याचा हक्कच आहे. घाबरून जाऊ नकोस, उद्या काही मरत नाही मी. पण कबरस्तानात आजोबांच्या, म्हणजे तुझ्या पणजोबांच्या, शेजारची जागा माझी आहे, आणि दोघांचे दगड एकदमच नवे बसवायचे म्हणून पाथरवट टुलोकला सांगायला गेले. तो पेन्सिल कानामागून काढून विचारतो, आडनाव काय लिहू? आणि मी, अख्ख्या गावाला वाचायला शिकवलेली बाई, त्याच्यासमोर गप्प!

तुला माहीतच आहे, आजोबांच्या दगडावर नुसतं अलेक्झांडर आहे. ती त्यांचीच इच्छा. १९१५ साली त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसले होते. ते म्हणाले, एफी, दगडावर आडनाव नको. स्लेटर माझं नव्हे, आणि जे माझं होतं ते मी समुद्रात टाकून आलो, ते तिथंच राहू दे. मी पुष्कळ विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तुझे बाबा म्हणतात, गप बस एफी, खुनी निघाला तर? घरात ही भीती पहिल्यापासून आहे. म्हणूनच कुणी उकरलं नाही. पण मला कळल्याशिवाय त्या मातीत जायचं नाही गं. ज्या माणसाच्या मांडीवर मी अक्षरं गिरवली, तो कोण होता? आणि मी कुणाची?

सांगायला माझ्याकडे फार नाही. ते कोळ्यांचं जाळं झोकात विणायचे, बोटी बांधायचे, पण स्वतः जन्मात बोटीत पाय ठेवला नाही आणि आम्हालाही ठेवू दिला नाही. सॅमन माशाचं नाव घेत नसत, लाल मासा म्हणत. जेवताना पाद्रीबाबांचा विषय निघाला की हात पटकन शेगडीच्या लोखंडाला. वाढदिवस एक मार्च, साल १८३९.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात पंचवीस वर्षं घोळतेय. आपल्या स्कॉटिश लोकांत बाळांची नावं आवडीनं ठेवत नाहीत, क्रमानं ठेवतात. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसऱ्या मुलीला वडिलांच्या आईचं. आजोबा नेमाचे कडक. त्यांचा पहिला मुलगा, म्हणजे माझे वडील, विल्यम. दुसरी मुलगी एल्स्पेट. तेव्हा विल्यम आणि एल्स्पेट नावाचं जोडपं शोध, ज्यांना १८३९ साली अलेक्झांडर झाला. आडनाव टुलोकला नोव्हेंबरच्या आत हवंय, जमीन गोठली की दगड बसत नाहीत.

सुट्टीच्या दिवशी तरुण डॉक्टरांबरोबर हिंडण्यातून सवड काढ. माझा जीव तुझ्यात आहेच, आता कामही तुझ्यात अडकलंय.

तुझी आत्या,
एफी स्लेटर


एडिंबरो
२६ एप्रिल १९६४

ती. एफी आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, बसून वाच. उभी असलीस तर खुर्ची घे. घेतलीस? आडनाव सापडलं!

पण असं सरळ सांगणार नाही मी. अकरा चुका काढल्यास ना? आता जरा थांब.

तीन शनिवार मी सरकारी दप्तरखान्यात काढले. जुन्या चर्चांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या तिथं आहेत, आणि तिथला कारकून इतका हळू चालतो की वही येईपर्यंत आणखी एक पिढी जन्मावी. १८३९ सालचे अलेक्झांडर स्लेटर तीन मिळाले. एकाचाही बाप विल्यम नाही, आणि तिघंही आपापल्या गावातच म्हातारे होऊन मेले. मी रडकुंडीला आले. मग तो कारकून स्वतःहून म्हणाला, तुम्ही कॅनडावाले सगळे एकच घोटाळा करता. इकडे लग्न झालं तरी बाई कागदावर आणि कबरीवर माहेरच्याच नावानं असते. मग स्लेटर हे बापाचंच कशावरून, आईचं का नसेल?

आत्या, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! वही उलटी धरल्यागत पुन्हा पहिल्यापासून पाहिली. बर्नहेड नावाचं गाव, उत्तरेकडच्या मोरे किनाऱ्यावरचं. बाप विल्यम रॉस, मच्छीमार. आई एल्स्पेट स्लेटर. मुलगा अलेक्झांडर, जन्म एक मार्च. एक मार्च गं! मी त्या गंभीर खोलीत मोठ्यानं ओरडले आणि सगळ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

रॉस. आपण रॉस आहोत. आरशासमोर उभी राहून दहादा म्हणून पाहिलं.

आता पुढची गंमत. घरी आले ती नाचतच. माझी घरमालकीण मिसेस डुथी सूप ढवळत होती, तीही त्याच किनाऱ्याची. मी आल्या आल्या म्हटलं, आम्ही रॉस निघालो! तिनं पळी टाकली, शेगडीची लोखंडी मूठ गच्च धरली आणि मोरीत थुंकली. ही बाई रविवारी दोनदा चर्चला जाते हं. मग लाजली बिचारी. म्हणाली, रागावू नकोस पोरी, हात आपोआप जातो. त्यांच्याकडच्या काही कोळीवाड्यांत रॉस हे आडनाव अपशकुनी. डुक्कर, लाल मासा आणि पाद्री यांच्या पंगतीला आपण! पाण्यावर तो शब्द काढायचा नाही, चुकून निघाला तर लोखंड धरायचं. आणि त्या आडनावाचा माणूस बोटीवर कुणी घेत नसे. घेतला आणि जाळं रिकामं आलं, तर खापर त्याच्यावरच.

म्हणजे काय झालं असेल बघ. तरणा पोरगा, घर कोळ्याचं, दुसरं काम येत नाही, आणि आडनावापायी कुणी बोटीवर उभं करत नाही. मग आईचं आडनाव लावून परगावी जाऊन लागला. चोर नाही, खुनी नाही! बाबांना सांग, आता सुखानं झोपा म्हणावं.

तरुण डॉक्टर इथं एकच आहे आणि त्याला टक्कल पडतंय. माझ्यावर अशीच माया ठेव आणि चुका मोजू नकोस.

तुझी,
रोना (रॉस! रॉस!)


गॉडरिच
९ मे १९६४

चि. रोना हिस,
अ. उ. आ. आणि वर शंभर.

चुका सात, पण आज सगळ्या माफ. पोरी, तू माझं सोनं आहेस!

पोस्टमन फाटकातून वळायच्या आत पत्र फोडलं, आणि स्वयंपाकघरात एकटीच मोठमोठ्यानं वाचत सुटले. तो शब्द आला आणि तुला काय सांगू, माझा डावा हात शेगडीवर होता. आजोबांना पाहून पाहून जडलेली खोड असणार. मी स्वतःलाच इतकी हसले की छातीत धडधडायला लागलं आणि गोळी घ्यावी लागली.

हेक्टरला वाचून दाखवलं. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, चहा कर. चहा पिता पिता म्हणाला, म्हणजे एवढ्यासाठी म्हाताऱ्यानं आयुष्यभर तोंड शिवून घेतलं? लॅकीला मात्र भारी मजा वाटली. बोटीवर चारदा रॉस रॉस ओरडणार म्हणाला, तर तुझ्या बाबांनी त्याला आधी खालीच उतरवलं. आणि म्हणे अंधश्रद्धा मानत नाही!

टुलोकला मी कळवलंय, अक्षरं आखायला घे म्हणून.

पण रोना, हेक्टरचा प्रश्न काही चुकीचा नाही. बोटीवर लागायला आडनाव बदललं, हे ठीक. कॅनडात तर या नावाला कुणी भीत नाही. इथं उतरल्या उतरल्या परत रॉस का नाही झाले? बोटीत पाय का नाही ठेवला? समुद्रात टाकलं म्हणजे काय? चार पायऱ्या बरोबर आल्या म्हणून मी कधी कुणाला अख्ख्या गणिताचे गुण दिले नाहीत, तुलाही देणार नाही. सुट्टी काढून बर्नहेडला जा. जाण्यायेण्याचं मी बघते.

त्या टकल्या डॉक्टरला जेवायला काय आवडतं तेवढं कळव. तुझी वाट बघण्यात माझी तब्येत फार छान राहते, ती तशीच राहू दे.

तुझी आत्या,
एफी


पोर्टकेल
१ जून १९६४

ती. एफी आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, हे पत्र कसं लिहू कळत नाही. पण मी लपवलं तर तू मला ओळखशीलच.

बर्नहेडला दगड लगेच सापडला. विल्यम रॉस आणि त्याची बायको एल्स्पेट स्लेटर. खाली एक बारीक ओळ होती, शेवाळ खरवडून वाचली. त्यांचा मुलगा अलेक्झांडर, जो ऑगस्ट १८५८ मध्ये पोर्टकेलहून निघाला आणि पुन्हा दिसला नाही. त्या आईनं त्याला मेलेला म्हटलं नाही गं. दिसला नाही, एवढंच.

म्हणून मी बसनं इथं पोर्टकेलला आले, पाच मैलांवर. इथल्या चर्चच्या पंचांची जुनी वही पाद्रीबाबांच्या घरी आहे. त्यांनी ती काढून दिली आणि घराची किल्ली माझ्याजवळ ठेवून ते एका प्रेतयात्रेला निघून गेले. मी ऑगस्ट १८५८ चं पान उघडलं. सगळं तिथंच आहे, आत्या.

जेम्स फ्लेट नावाच्या तांडेलाच्या बोटीवर आपले आजोबा स्लेटर म्हणून लागले होते. चांगले दोन महिने नीट गेले. एका सकाळी सगळे बोटीवर चढत असताना धक्क्यावर हेरिंग मासळी साफ करणाऱ्या बायकांत बर्नहेडची एक बाई होती, तिनं यांना ओळखलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं, गावचा पोर दिसला म्हणून आनंदानं हाक मारली (अलेक्झांडरला इकडे सँडी म्हणतात), रॉसच्या सँडी, तू इथं कसा? सगळ्या खलाशांच्या देखत! खलाशी बोटीतून उतरले. हा असला तर आम्ही येत नाही म्हणाले. तांडेल त्यांच्याशी भांडला, पण शेवटी निरुपाय होऊन त्यानं यांना धक्क्यावरच ठेवलं. बोट गेली. संध्याकाळी वादळ झालं. बोट आली नाही. तिसऱ्या दिवशी मोडलेलं वल्हं आणि एक टोपली किनाऱ्याला लागली.

सात माणसं, आत्या. त्या सातांसाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली. वहीत पुढं लिहिलंय की गावात त्या मुलाच्या नावानं वाईट बोललं जातंय, बायका त्याच्यासमोर दारं लावून घेतात, पाद्रीबाबांनी सगळ्यांना त्याबद्दल झापलं. आणि मुलगा पाचव्या दिवसापासून बेपत्ता आहे.

मी वही मिटली, किल्ली शेजारी दिली आणि खानावळीत येऊन खूप रडले. त्यांना वाटलं की त्यांच्या नावानं सात माणसं बुडवली. सत्तावन्न वर्षं तेच वाटत राहिलं. आपण खुनी खुनी म्हणून घाबरत होतो, आणि ते स्वतःला खरंच तसं समजत होते.

उद्या परत जाते. तू गोळ्या वेळेवर घे. मला तुझी फार आठवण येते, आणि तू जवळ हवी होतीस.

तुझी,
रोना


गॉडरिच
१४ जून १९६४

चि. रोना हिस,
अ. उ. आ.

रडू नकोस. लिहिलंस हे बरं केलंस.

दोन दिवस पत्र उशाखाली ठेवलं. मग हेक्टरला वाचून दाखवलं. तो उठून अंगणात गेला आणि आजोबांनी लावलेल्या सफरचंदाखाली उभा राहिला, पावसातच. छत्री न्यायला सांगितली तर माझ्यावरच ओरडला.

मला एक आठवलं ते तुला सांगते. आजोबा रोज दिवेलागणीला खिडकीशी उभे राहून सरोवराकडे बघत काहीतरी पुटपुटायचे. मी लहान असताना त्यांच्या कडेवर बसून ऐकायचे, आणि ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. जेम्स, थोरला जॉर्ज, धाकटा जॉर्ज, पीटर, रॉबर्ट, डेव्हिड, जोसेफ. मला वाटायचं बायबलातले कुणी असतील. एकदा विचारलं, बायबलात दोन जॉर्ज कुठले? तर त्यांनी मला कडेवरून उतरवलं आणि परत कधी मोठ्यानं म्हटलं नाहीत. नुसते ओठ हलायचे. पुढं अठरा वर्षं मी ते ओठ पाहिले गं, आणि मला कधी कळलं नाही.

टुलोककडे गेले होते. काम थांबव म्हटलं. त्यानं र आखून ठेवला होता, तो पुसायला लावला. जे त्यांनी एवढ्या दुःखानं पाण्यात टाकलं ते वर काढणारी मी कोण? त्यांच्या दगडावर नुसतं अलेक्झांडर राहू दे. माझ्यावर नुसतं एफी. शेजारी शेजारी बिनआडनावाचे पडून राहू.

तू एकच कर. आणखी एकदा पोर्टकेलला जा. त्या सातांची काही खूण चर्चच्या आवारात असेल, तिथं माझ्यातर्फे फुलं ठेव. म्हणावं, अलेक्झांडरच्या नातीकडून. म्हणावं, तो तुम्हाला रोज आठवायचा. एवढं केलंस की माझं तुझ्याकडे काही मागणं नाही.

मी बरी आहे. आता हिंमत सोडू नकोस, एवढंच तुझ्याकडून हवं.

तुझी,
एफी आत्या


पोर्टकेल
३० जून १९६४

ती. एफी आत्यास,
सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. तारेतला शब्दन् शब्द खरा आहे. सातही वाचले! सातही, आत्या!

धावतपळत लिहितेय, चुका मोजू नकोस.

काल तुझी फुलं घेऊन आले. पिवळी आणि पांढरी, आवारात सातांचा एकत्र दगड असेल म्हणून शोधत फिरले. तसला दगडच नाही. मग एकेक थडगं वाचत निघाले, आणि समुद्राकडच्या भिंतीशी जेम्स फ्लेट सापडला. तांडेल, राहणार पोर्टकेल. मेला कधी? १८९१ साली! वादळानंतर तेहेतीस वर्षांनी, बिछान्यात, म्हातारा होऊन! मला वाटलं हा दुसराच कुणी जेम्स असेल. पण तू दिलेली नावं होती ना माझ्याकडे. थोरला जॉर्ज १८७४. पीटर १८८०. धाकटा जॉर्ज तर १९०७ पर्यंत होता, त्याच्या दगडावर नातवंडांची नावं मावत नव्हती. मी ओल्या गवतात मटकन खाली बसले आणि हसत सुटले. एक बाई कुत्रा फिरवत होती ती घाबरून भिंतीपलीकडे गेली.

तिनंच मग मला बेला फ्लेटकडे नेलं. जेम्सची नात, वय ब्याऐंशी, तिखट अगदी तुझ्यासारखी. सुकवलेला हॅडॉक मासा आणि ओटची भाकरी समोर ठेवली आणि खाल्ल्याशिवाय एक अक्षर सांगणार नाही म्हणाली. मी तशीच गिळली.

झालं होतं असं. बोट फुटायच्या बेताला आली तेव्हा लाकूड आणायला रशियाकडे निघालेल्या एका जहाजानं सातांना वर ओढून घेतलं. ते जहाज माघारी कसलं फिरतंय! त्यानं त्यांना नॉर्वेच्या एका बंदरात उतरवलं, तिथून दुसरी बोट मिळेपर्यंत दिवस गेले. सव्विसाव्या दिवशी हे सातजण आपल्या पायांनी चालत गावात आले. चर्चमध्ये यांच्यासाठी रडणं चाललं होतं आणि हे दारात उभे. आणि आजोबा पाचव्याच दिवशी निघून गेलेले.

आत्या, पंचांच्या वहीत सप्टेंबरच्या पानावर हे सगळं लिहिलंय, देवाचे आभार मानून. मी मूर्ख! एक पान उलटलं असतं तर तुला त्या पंधरा दिवसांचं दुःख झालं नसतं. बेलाला सांगितलं तर म्हणाली, तू नर्स ना? अर्धा ताप मोजून पेशंट मेला म्हणतेस का?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. जेम्सला जेव्हा कळलं की पोरगा असा गेला, तेव्हा तो आधी बर्नहेडला त्याच्या आईकडे गेला, मग ॲबर्डीनच्या गोद्यांवर आठवडाभर विचारत हिंडला. कुणी सांगेना. दोन वर्षांनी त्यानं नवी बोट बांधली. तिचं नाव काय ठेवलं असेल? मला बेला परसात घेऊन गेली. तिथं कोंबड्यांचं खुराडं, आणि खुराड्याच्या दारावर एक जुनी जाड फळी. कोंबड्यांनी घाण केलेली. मी रुमालानं पुसली.

अलेक्झांडर रॉस.

हातभर अक्षरं, कोरून पांढरा रंग भरलेली. आत्या, या किनाऱ्यावर, जिथं तो शब्द काढला तर लोक लोखंड धरतात, तिथं त्यानं तो बोटीच्या नाकावर कोरला! लोकांनी त्याला वेड्यात काढलं. सुरुवातीला खलाशी मिळेनात. तर तेच सहाजण आले, ज्यांनी पोराला उतरवलं होतं तेच. गावात कुणी पूर्ण नाव घेत नसे, नुसती सँडी म्हणत. पण जेम्स दर वेळी बंदर सोडताना ते पूर्ण नाव मोठ्यानं म्हणायचा, बाकीचे सहा हळूच लोखंडाला हात लावायचे. कुठल्याशा बंदरात कुणी ते वाचेल, कुणी कुणाला सांगेल आणि कधीतरी पोराच्या कानावर जाईल, एवढीच त्याची आशा. बावीस वर्षं ती बोट चालली आणि तिच्यावरचा एकही माणूस बुडाला नाही.

मी ती फळी मागितली. बेला साफ नाही म्हणाली. तिच्याखाली कोंबड्या अंडी चांगली देतात म्हणे. फोटो पाठवतेय.

तुझी फुलं मी जेम्सच्या दगडावर ठेवली. तू सांगितलेलं म्हटलं, अलेक्झांडरच्या नातीकडून, तो तुम्हाला रोज आठवायचा. बेला शेजारीच होती. ती म्हणाली, आमच्या आजोबालाही सांग, तुझा निरोप पोचला. मग मी तेही सांगितलं.

तू पत्राला उत्तर देईपर्यंत मला झोप नाही. तुझं सगळं प्रेम मला मिळू दे, मी आज त्याला लायक आहे.

तुझी,
रोना


गॉडरिच
२० ऑगस्ट १९६४

चि. रोना हिस,
अ. उ. आ. या वेळी खरोखरच अनेक.

उत्तराला उशीर झाला. एक काम उरकल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तार आली तेव्हा मी वाफे खणत होते. वाचली आणि चपलांसकट, मातीच्या हातांनी, हेक्टरच्या घरी धावत गेले. डॉक्टरांना सांगू नकोस. हेक्टरनं तार तीनदा वाचली. मग हा सहासष्ट वर्षांचा बाप्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडला गं. मग तुझं पत्र आलं, फोटो आला. फोटोत एक कोंबडी मध्येच आली आहे, पण अक्षरं स्वच्छ दिसतात. तो फोटो मी घेऊन हिंडतेय. वाण्याला, पाद्रीबाबांना, बँकेतल्या पोरीला, सगळ्यांना दाखवून झाला.

माझ्या मनात राहून राहून एकच येतं. इकडे हे खिडकीशी उभे राहून त्यांची नावं घ्यायचे, आणि तिकडे तो बंदरातून निघताना यांचं नाव घ्यायचा. बावीस वर्षं! मध्ये एवढं पाणी, आणि सांगणारं कुणी नाही. मी फार रडले, पण या रडण्यानं बरं वाटलं.

टुलोककडे गेले. तो म्हणाला, मिस स्लेटर, या खेपेला नक्की ना? मी त्याला कागद लिहून दिला. अलेक्झांडर रॉस, विल्यम रॉस आणि एल्स्पेट स्लेटर यांचा मुलगा. आजोबांनी स्लेटर माझं नव्हे म्हटलं खरं, पण ते खोटंही नव्हतं. आईचं होतं. ती बाई ते कबरीपर्यंत स्वतःकडे ठेवून होती, आणि पोराला गरज पडली तेव्हा त्यातलं दिलं. तेव्हा दोन्ही राहू देत. माझ्या दगडावर एफी नाही, पाळण्यातलं पूर्ण नाव आहे. दगड काल बसले.

आता ते काम. गेल्या शनिवारी मी लॅकीला म्हटलं, मला बोटीत न्यायचं. तो चाटच पडला. चौऱ्याहत्तर वर्षं मी धक्क्यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. आधी डॉक्टर नको म्हणाले, मग मी त्यांच्याकडे पाहिलं, मग हो म्हणाले. हेक्टर हॅट हातात धरून धक्क्यावर उभा. येत नाही म्हणाला, कुणीतरी मागं राहायला हवं म्हणाला, आणि एका हातानं धक्क्याची लोखंडी कडी धरून ठेवलेली मला दिसत होती. लॅकीनं दोर सोडला, तेवढ्यात कडी सोडून त्यानं उडीच मारली. या वयात! पाण्यातच पडायचा.

जाळी टाकली तिथं किनारा बारीक रेघेएवढा राहतो. वारा होता. मी उभी राहिले, दोघांनी मला दोन्हीकडून धरलं, आणि मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढून म्हटलं, अलेक्झांडर रॉस! मग ती सात नावं म्हटली. मग परत, अलेक्झांडर रॉस! हेक्टरनं माझ्यामागून म्हटलं, आधी हळू, मग इतक्या मोठ्यानं की पक्षी उडाले. बोटीत हात लावायला लोखंड पुष्कळ होतं. कुणी लावला नाही.

मग लॅकीनं जाळी ओढली. मी श्वास रोखून बघत होते, तुला म्हणून सांगते. मासळी मोजून झाल्यावर त्याला विचारलं, कशी आहे? तो म्हणाला, रोजच्यासारखी. मी म्हटलं, नीट सांग, कमी की जास्त? तो म्हणाला, आत्या, अगदी रोजच्याएवढीच, एक मासा इकडे नाही की तिकडे नाही. आणि मी तिथंच दोरखंडावर बसून रडले बाई, इतका मला आनंद झाला.

तुझ्या पत्रात चुका किती ते मी पाहिलं नाही. त्या टकल्याला घेऊन नाताळला ये, सफरचंदं ठेवून देते. बेलाबाईंना माझा नमस्कार, आणि त्यांच्या कोंबड्यांना आशीर्वाद. मी आहे तोवर तुझ्यावर जीव टाकीन, आणि नंतर कुठं शोधायचं ते आता दगडावर नीट लिहिलेलं आहे.

तुझी आत्या,
युफीमिया रॉस